खालची ओळ

पक्षाघातानंतर भूलबाईंचा उजवा हात कामातून गेला. उभा जन्म त्यांनी ऑपरेशनच्या टेबलापाशी पेशंटना भूल देण्यात काढला होता, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना कौतुकानं भूलबाई म्हणायचं. आता त्यांना चमचा धरता येईना, आणि आधी गॅस पेटवायचा की आधी भांडं ठेवायचं, तेही आठवेना. "नावाला जागले मी," त्या म्हणायच्या. नवरा हसायचा नाही.

जावई विमानवेडा. बाईंच्या हाताला आणि डोक्याला सराव व्हावा म्हणून त्यानं आपलं घरगुती, खेळातलं कॉकपिट आणून मागच्या खोलीत बसवलं: तीन पडदे, सुकाणू आणि बारक्या कळांचा उड्डाण-संगणक.

"आई, नुसतं उडवायचं नाही. याला आधी सगळं सांगायचं. कुठून, कुठं, कुठल्या वाटेनं, वजन किती, वारा कसा. क्रम चुकला की हा रुसतो."

"तुमच्या सासऱ्यांसारखाच म्हणायचा."

कळा उजव्याच हातानं दाबायच्या, असं बाईंनी ठरवलं. दाबलेलं अक्षर आधी पडद्याच्या खालच्या ओळीत उमटे. बरोबर असेल तरच संगणक ते वर घेई. कितीतरी दिवस त्यानं काही म्हणता काही घेतलं नाही. बोट एका कळेवर नेलं की शेजारचीवर पडे. बाई रडकुंडीला येत, पण उठत नसत.

एका दुपारी त्या अशाच अडून बसल्या असताना खालच्या ओळीत, हात न लावता, अक्षरं उमटली. लिपी इंग्रजी, शब्द आपले: आधी वजन.

बाईंनी वजन भरलं. संगणकानं मुकाट्यानं सगळे वेग काढून दिले.

"जावईबापू, मराठीतून शिकवणीही लावून दिलीत की!" त्या फोनवर म्हणाल्या.

"कसली शिकवणी? त्याला मराठी कुठून येणार?"

जावई येऊन सगळं तपासून गेला. इंटरनेटची वायर काढली, प्रोग्रॅम पुसून नव्यानं घातला. दुसऱ्याच दिवशी ओळीत आलं: वारा राहिला. आणि तो भरायचा खरंच राहिला होता.

बाई शास्त्र शिकलेल्या. त्यांनी मुद्दाम चुका करून पाहिल्या. ओळ कोरीच राहिली. 'कोण?' असं विचारलं; उत्तर नाही. खरोखर अडलं, तरच कुणीतरी सांगायचं, आणि तेही दोनच शब्दांत. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पण बोटं वळायला लागली, क्रम डोक्यात टिकायला लागला, आणि मग भीतीपेक्षा मायाच वाटू लागली. उठताना त्या कळा पुसायच्या आणि म्हणायच्या, "उपकार आहेत हो तुमचे."

त्या दिवशी त्यांनी सगळा मार्ग एकही चूक न करता भरला. विमान धावपट्टीवर उभं होतं. बाई मनातून हरखल्या होत्या.

ओळीत आलं: उठा.

त्यांनी ते खोडलं.

उठा.

पुन्हा खोडलं. मग सगळी ओळ भरून गेली. उठा उठा उठा.

बाई उठल्या.

स्वयंपाकघरात नवरा जमिनीवर पडला होता. अंग घामानं थबथबलेलं, हाक मारून ओ नाही. मधुमेह जुनाच, साखर उतरली होती. पण मान मागे कललेली, हनुवटी वर उचललेली, श्वासाची वाट मोकळी. बेशुद्ध माणसाला बाईंनी स्वतः जसं ठेवलं असतं, अगदी तसं.

विचार करायला वेळ नव्हता. कपाटात ग्लुकोजचं इंजेक्शन होतं. त्यांनी उजव्या हातात सुई धरली. शीर पहिल्याच फटक्यात सापडली.

थोड्या वेळानं नवऱ्यानं डोळे उघडले. बाई त्याला टेकून रडत होत्या, आणि कुणाचे आभार मानतोय हे न कळता मानत होत्या.

संध्याकाळी डॉक्टर तपासून गेले. लेक-जावई आले, घर पुन्हा बोलतं झालं. नवरा उशीला टेकून बसला होता. त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"अगं, तू येईपर्यंत जे माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ते गृहस्थ गेले का?"

बाईंनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बिचारे सारखे म्हणत होते, तिला हाक मारलीय, येतेच आहे. त्यांना चहा तरी विचारलास ना?"

"विचारते," बाई म्हणाल्या.