थांबलेल्या पाण्याचा आठवडा

एक पिवळा गमबूट. डाव्या पायाचा. प्रवाहातून एकटाच निघालेला.

काचेच्या कवचातले जीव, इतके बारीक की पापणीच्या एका केसावर त्यांचं अख्खं गाव वसावं.

धरणाचा तिसरा दरवाजा, उघडताना ढेकर दिल्यासारखा आवाज करणारा.

बहिणीचा फोन : "दादा, धरणाशीच लग्न लावून देऊ का तुझं?"

हे सगळं एकाच सकाळी एकमेकांना भेटलं. धरणावरचा इंजिनिअर भोंगा वाजवून तिसरा दरवाजा उचलणार, तेवढ्यात त्याला खाली नदीत एक बाई दिसली. गुडघाभर पाण्यात, एका पायात बूट, हातात बाटली! बहिणीचा फोन तसाच कापून तो जिन्यावरून धावत सुटला.

"अहो बाई! भोंगा ऐकू आला नाही का?"

"आला की."

"मग?"

"एकच बाटली राहिली होती. आणि माझा बूट पळवलाय तुमच्या नदीनं, तो पकडा आधी!"

त्यानं बूट पकडला. कमरेपर्यंत भिजला. ती खळखळून हसली, आणि सगळ्या दरवाज्यांचे हिशेब तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला क्षणभर स्वतःचं नावही आठवेना.

ती नदीत तरंगणाऱ्या शैवालाचा अभ्यास करायची. धरणाशेजारच्या खोलीत तिनं सूक्ष्मदर्शक मांडला होता. तो तिला शेवाळबाई म्हणू लागला, ती त्याला धरणवाले.

"शैवाल बदलतंय हे खरं," ती सांगायची, "पण बदलतंय कोण? तुमचं धरण की हे लहरी हवामान? दोघं एकाच वेळी नदीवर हात टाकतात. चोर ओळखायचा कसा?"

"धरणवाल्यावर विश्वास ठेवून."

"चोराच्या वकिलावर? छान!"

मग उकाड्याचे दिवस आले. दोन महिने पारा खाली यायचं नाव घेईना. ती आठवडाभर रोज पाण्यात उतरणार होती, आणि भोंगा वाजला तरी "एकच बाटली!" म्हणणार होती. त्याचा जीव टांगणीला लागला. नदीत रोज सकाळी थोडं पाणी सोडायची रीत होती; पण आठवड्याचा वाटा पुरा झाला की कधी सोडलं ते वरचे विचारत नसत. त्यानं सगळं पाणी रविवारीच सोडून टाकलं. सोमवारपासून नदी गपगार. कुणाला काही बोलला नाही... मनात मात्र तिला फुलं पाठवल्यासारखा खूश!

शनिवारी तिनंच त्याला हाताला धरून ओढत खोलीत नेलं.

"डोळा लावा. दिसलं?"

"माझ्याच पापण्या दिसतायत."

"अहो, असं नाही—" तिनं त्याची हनुवटी धरून जराशी वळवली. त्याला आधी काहीच दिसेना. मग दिसल्या... हिरव्या मण्यांच्या माळा. माळाच माळा.

"इथं एरवी काचेच्या कवचाचं शैवाल असतं, नदीतले बारके जीव त्यावरच जगतात. ते आठवड्यात गायब! सगळीकडे हे निळं-हिरवं. उकाड्यानंच केलं! सापडला चोर, धरणवाले! सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडणार मी!"

"पण... उकाड्यानंच कशावरून?"

"पाणी साचून राहिलं तरी असं होतं. पण तुम्ही रोज मी उतरायच्या आधीच सोडून टाकत होतात ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. ते हसू तसंच राहिलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता.

"नाही," तो म्हणाला. "आठवडाभर नाही सोडलं. सगळं रविवारीच सोडलं."

"का?"

"तुम्ही पाण्यात असलात की... माझा हात दरवाज्याच्या बटणाकडे जातच नाही."

ती स्टुलावर बसली.

"माझा आठवडा पाण्यात घातलात."

"हो."

"आणि प्रेमाची कबुलीही त्यातच उरकलीत?"

"...हो."

"अगदीच हे आहात—" आणि ती ताडकन उठली. "थांबा. थांबा थांबा! गेल्या महिन्यातही उकाडा हाच होता. तेव्हा तुम्ही रोज पाणी सोडत होतात, आणि शैवाल काचेचंच होतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे उकाडा तोच, फक्त पाणी थांबलं! अरे, किती धरणांचे उंबरे झिजवले मी यासाठी! आठवडाभर नदी थांबवून द्यायला कुणी तयार होईना!" तिनं त्याचे दोन्ही हात धरले होते, तिला पत्ताच नव्हता. "सोमवारचं रद्द. एका आठवड्याच्या पुराव्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही. उकाडा आहे तोवर आता रोज पाणी सोड. काचेचं परत आलं तर बोलू. आणि या वेळी वरच्यांना विचारून, चोरून नाही!"

"सोड म्हणालीस."

"मग?"

"काही नाही... गोड वाटलं."

परवानगी आली. उकाडा हटला नाही. तिसरा दरवाजा रोज सकाळी ढेकर देत राहिला, नदी वाहत राहिली. आणि एका दुपारी ती जिना चढून धापा टाकत वर आली, हातात तीच ओली बाटली.

"आलं! काचेचं परत आलं!"

"आणि तू?"

"मी कुठं गेले होते?" ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तू घाबरायचास ते बरोबरच होतं," ती पुटपुटली. "पहिल्या दिवशी नदीत उतरले तेव्हा मला पोहता येत नव्हतं."