न रोवलेला दगड

सरकारी मोजणीदार ऑरिन टॅकेट एकसष्ट वर्षांचा झाला होता आणि त्याच्या गुडघ्यांनी त्याच्याआधीच राजीनामा दिला होता. तरी नेब्रास्काच्या माळावरची ही मोजणी टाळता येत नव्हती. पर्डी नावाचा शेजारी विधवा शेस्टीन लिंडालच्या विहिरीवर हक्क सांगत होता. कागदावर हद्दीचा दगड होता. तो शनिवारपर्यंत न्यायाधीशाला दाखवता आला नाही, तर विहीर गेलीच.

दगड सापडणार नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीत टॅकेट हद्दीचा शेवटचा अर्धा मैल चाललाच नव्हता. उन्हाला कंटाळून त्याने गाडीच्या सावलीत बसूनच आकडे लिहिले होते, दगड न रोवताच. मोजणीच्या साखळीचं मागचं टोक धरणारा ईनस त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. एरवी थांबायची वेळ झाली की तो साखळीला दोन हिसके द्यायचा. म्हणजे, बसा आता, साहेब. ईनसला वारूनही सहा वर्षं झाली होती.

आज टॅकेटच्या गाडीत गुपचूप घरी घडवलेला दगड होता. निदान जागा तरी खरी असावी, म्हणून तो मोजत निघाला. मागचं टोक शेस्टीनच्या हातात दिलं.

"मी खूण रोवून ओरडेन. तुम्ही 'धरली' म्हणायचं, बाई."

"गाई राखते मी, साहेब. ओरडायला मला नका शिकवू."

"रोवली!"

"धरली!"

गवत छातीपर्यंत आलं होतं. विसाव्या साखळीनंतर तिचा आवाज घोगरा झाला, मग जाड. दमली असेल बिचारी, त्याला वाटलं. मागे वळून पाहण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"रोवली!"

"धरली!"

तोंडात तंबाखू धरून दिलेली ही हाक त्याने साखळीच्या मागच्या टोकाकडून सोळा वर्षं ऐकली होती.

तो वळला नाही.

चाळिसाव्या साखळीला, अर्धा मैल पुरा होताच, पायाला दगड लागला. जुना, अर्धा रुतलेला, गवताच्या मुळांनी वेढलेला. विहीर शेस्टीनच्या बाजूला, चांगली दहा पावलं आत होती.

शेस्टीन बाजूच्या पायवाटेने लंगडत आली. "बहिरे झालात का हो? काटा रुतला म्हणून साखळी केव्हाच सोडली मी. हाका मारून घसा बसला."

मग तिला दगड दिसला. ती मटकन खाली बसून रडू लागली.

"वाचले मी! तुम्हीच लावला होता ना हा, साहेब?"

तो दगडापाशी वाकला. दगडावर हद्दीच्या खुणेच्या सहा खाचा कोरलेल्या होत्या. शेवटची तिरकी. ईनसची नेहमी तिरकीच जायची.

त्या खाचेत दगडाची पांढरी भुकटी अजून ताजी होती.

त्याने हातातल्या साखळीच्या टोकाकडे पाहिलं. साखळी मागे गवतात ताठ ताणलेली होती.

तिला दोन हिसके बसले.