बिनबाह्यांचा स्वेटर

गुरुप्रसाद पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा त्याचा डावा गाल टम्म सुजला होता, आणि मी हसले. हसायला नको होतं. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या मुलीने पेशंटला हसायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. पण बाहेर श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलेली, हा रेनकोटातून फरशीवर ठिबकतोय, एका हाताने गाल धरलाय आणि मला नाव सांगतोय—

"गुउफफाद."

"काय?"

"गुउ... फफाद!"

"गुरुप्रसाद?"

त्याने मला कोपरापासून हात जोडले. मी नाव लिहून घेतलं, "बसा, आत पेशंट आहे," म्हटलं आणि पुन्हा माझी क्रोशाची सुई उचलली. तो समोरच्या बाकावर बसला. टीव्ही चालू होता, पुढ्यात पेपर होता, पण याचं लक्ष आपलं माझ्या बोटांवर. मी दोन टाके चुकले, मेला असा बघत होता.

पुढच्या आठवड्यात आला तेव्हा गाल जागेवर होता आणि जीभही.

"त्या दिवशी काय करत होतात हो?"

"फूल."

"कोणासाठी?"

"कोणासाठी नाही."

"मग कशाला करता?"

"तुम्ही शीळ घालता ती कोणासाठी घालता?"

"मी कुठे शीळ घालतो?"

"दाढ बरी झाली की घालाल."

तो हसला. हसताना गाल धरला. मग म्हणाला, "खरं सांगू? तुमचे हात बघत बसलं ना, की दुखायचं कमी होतं."

मी खाली मान घालून टाके मोजत राहिले, आणि मोजलेले सगळे विसरले.

मला विणायला आवडतं. म्हणजे फार काही कौतुकाचं नाही हो. कोणाला संध्याकाळी मालिका लागते, मला सुया लागतात. आजोळी मालनमावशीने सुट्टीत शिकवलं ते हाताला चिकटलं. पाण्याच्या बाटलीला झबलं कर, चष्म्याला घर कर, कधी नुसताच चौकोन. आवडलं नाही तर उसवायचं आणि त्याच लोकरीचं दुसरं काहीतरी करायचं. एकच पिवळा गुंडा माझ्याकडे कितीतरी वर्षं चालला. आई म्हणायची, "रत्नागिरीत घामाने जीव चाललाय आणि ही लोकर मांडीवर घेऊन बसल्येय. काय मेलं ते विणायचं नि उसवायचं!" तिला कसं सांगू, की दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून घरी आलं, सुया हातात घेतल्या, की माझं डोकं निवतं. त्या तासाभरात मी कोणाची कोणी नसते. मला फार सुख वाटतं.

गुरूची दाढ बरी झाली तरी तो यायचा थांबला नाही. कधी हिरडी, कधी अक्कलदाढ. तिसऱ्यांदा काहीही न होता आला तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "शमिका, याला बाहेरच्या बाहेर बघ. माझा वेळ घेऊ नको."

मी लाजेने लालेलाल. आणि हा? बाकावर बसून खरंच शीळ घालत होता.

हातखंब्याला हायवेवर त्यांचं दुकान. आंबापोळी, फणसपोळी, कोकमं, काजू. गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबतात. याचं बोलणं असं, की माणूस पाणी प्यायला उतरला तरी हातात पिशवी घेऊनच गाडीत बसणार. दसऱ्यापर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो आणि दवाखान्यातून भाट्याच्या किनाऱ्यावर. रविवारी संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली बसायचं. तो बोलायचा, मी विणायचे. वारा लोकरीचा गुंडा घेऊन पळायचा, आणि गुरू त्या गुंड्यामागे.

"शमू, तुझ्याबरोबर फिरायचं म्हणजे कुत्र्यासारखं धावावं लागतं गो."

"शेपूट तेवढी हलवू नको."

"हलत्येय. तुला दिसत नाही."

असा होता. एक दिवस मी त्याला त्याच पिवळ्या लोकरीचा छोटासा हापूस करून दिला. वर हिरवं पान, देठाजवळ जराशी लाली. त्याने तो गाडीच्या किल्लीला लावला, आणि मला इतका आनंद झाला की त्या रात्री दोनदा जेवले.

पण तिथूनच सगळं सुरू झालं.

"शमू, दुकानात सगळे विचारतात गो. हा आंबा कुठे मिळाला? दहा-बारा करून दे ना." दिले करून. त्याच्यासाठीच करतेय असं वाटलं, म्हणून हसत केले. मग आणखी. मग त्याने फोनवर माझ्या नावाचं पेज काढलं. मग कोणाच्या साखरपुड्याला, कोणाच्या बारशाला, कोणाच्या तरी लग्नात पाहुण्यांना द्यायला. आंबे, आंबे आणि आंबे! सगळे सारखे हवेत, लाली सगळ्यांना त्याच बाजूला. झाडालासुद्धा एवढे सारखे लागत नाहीत.

गुरूचं मन वाईट नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझे हात दाखवायचा. "असं कोणाला येतं का सांगा!" म्हणायचा, आणि त्याचे डोळे असे चमकायचे की मला रडू यायचं. आईही खूश. आता ती 'काय मेलं विणायचं' म्हणत नसे. माझ्यासमोर चहा ठेवून म्हणायची, "हो गो, पुरे होतील ना शुक्रवारपर्यंत?"

पुरे व्हायचे. पण संध्याकाळ उरायची नाही. सुया हातात घेतल्या की डोकं निवायच्या ऐवजी चढायला लागलं. आवडलं नाही तरी उसवायची सोय नव्हती, गिऱ्हाईक थांबलेलं. एका रविवारी मी म्हटलंसुद्धा, "गुरू, मला कंटाळा आलाय रे. मला विणायचं नाही असं वाटतं. असं कधी वाटलं नव्हतं मला."

"दमलीस तू. आता जरा थांब..." तो माझा हात हातात घेऊन म्हणाला. मला हायसं वाटलं. "...हा सीझन जाऊ दे, मग थांब."

मी पुन्हा सुई उचलली. मला तो हवा होता, आणि माझी ती तासभराची संध्याकाळही हवी होती. त्यातलं एक मागितलं तर दुसरं जाईल की काय, अशी भीती वाटायला लागली होती.

पौषात सकाळची थंडी पडायला लागली. आमची थंडी ती काय, पण हातखंब्याच्या चढावर भल्या सकाळी मोटारसायकलवर असलात तर कळते. गुरू नुसत्या शर्टात जायचा आणि दिवसभर नाक ओढायचा. मी ठरवलं, याला स्वेटर करायचा. बिनबाह्यांचा, पुढे साधी वेणी. आंबा नाही, पान नाही.

माप कसं घेणार? एकदा मोटारसायकलवरून पावस गावाला निघालो होतो तेव्हा मागे बसून मी त्याच्या पाठीवर हळूच वीत टाकली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"काय करत्येस?"

"मुंगी होती."

"एवढी मोठी?"

"मुंग्या होत्या. समोर बघ नि गाडी चालव!"

मानेपासून कमरेपर्यंत मोजताना तो नुसता ताठ झाला होता. कानाच्या पाळ्या लाल. मला कळलं, आणि त्यालाही कळलं की मला कळलं. पावस येईपर्यंत दोघांपैकी कोणीही बोललं नाही. आयुष्यात इतकं छान गप्प मी कधी बसले नव्हते.

पिकल्या कोकमाच्या रंगाची लोकर आणली. दिवसा दवाखाना, रात्री जेवणाआधी आंबे, आणि आंब्यांतून चोरलेल्या वेळात स्वेटर. सुलट, उलट, सुलट, उलट. किती दिवसांनी माझं डोकं पुन्हा निवायला लागलं! वेणी वाकडी आली म्हणून दोनदा सगळा उसवला, तेव्हाही मजाच वाटली. गळा करताना त्याची मान आठवायची. एकटीच हसायचे. त्याने तो घातला की समजेल त्याला, असं वाटायचं. मला विणायला का आवडतं ते मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. स्वेटर सांगेल.

झाला. आईने विचारू नये म्हणून आंब्यांच्या पिशवीत अगदी तळाशी घालून ठेवला. रविवारी आंबे देताना पिशवीतून काढून द्यायचा होता.

शुक्रवारी दवाखान्यातून घरी आले तर आई म्हणाली, "गुरू येऊन गेला. आंबे आजच हवेत म्हणाला. दिली हो पिशवी."

मी धावत जाऊन बघितलं, पिशवीची जागा रिकामी. मग वाटलं, बरंच झालं की! तोच उघडेल, बघेल, अंगाला लावेल. सांगायलाच नको काही. फोन हातात धरून बसले. त्याचा मेसेज आला— 'रविवारी भाट्याला ये. तुझ्यासाठी सरप्राइज आहे.'

मी तो मेसेज इतक्यांदा वाचला की आईने विचारलं, कोण गेलं काय? त्याने काढलेलं ते पेज मी कधी उघडतच नसे. उघडलं की मागण्याच दिसायच्या. त्या दोन दिवसांतही उघडलं नाही.

रविवारी मी मोरपिशी कुर्ता घातला, कानात झुमके. तो आधीच येऊन सुरूखाली बसला होता, नेहमीच्या निळ्या शर्टात. संध्याकाळी उकडतंच, म्हणून घातला नसेल, मी मनात म्हटलं.

"डोळे मीट," तो म्हणाला. "हां... उघड."

समोर त्याचा फोन. फोनवर तोच. दुकानासमोर उभा, एक हात खिशात, अंगात माझा स्वेटर. खांद्याला एक सुरकुती नाही. गळा जिथे यायला हवा तिथे. वेणी छातीवर सरळ.

"मस्त बसलाय," मी म्हटलं.

"बसलाय ना? मी घातला तर म्हटलं, अरे, हा तर माझ्याच मापाचा!" तो मोठ्याने हसला. "मॉडेल फुकटात मिळालं तुला. आणि शमू, काय सांगू... पेजवर टाकला नि तासाभरात गेला!"

"कुठे गेला?"

"पुण्याला. एका माणसाने लगेच घेतला. काल कुरिअरला दिलासुद्धा. तू मला बोलली नाहीस, स्वेटरपण करतेस म्हणून? आणखी चौघांनी विचारलंय!"

समुद्र होता तिथेच होता. पोरं क्रिकेट खेळत होती. मी फोन त्याच्या हातात दिला.

तो जवळ सरकला. कानाच्या पाळ्या तशाच लाल झाल्या होत्या. "ऐक ना... सरप्राइज ते नाही. आमच्या शेजारचा गाळा रिकामा होतोय. बाबांशी बोललोय मी. तुझ्या आईशीपण बोलेन... शमू, लग्न करूया ना. दवाखाना सोड. तू दिवसभर बसून विण, मी विकतो. तुझं नाव लावू दुकानाला. मला... तू फार आवडतेस गो."

हे ऐकायला मी किती आसुसले होते! सगळं तसंच होतं, त्याचा आवाज, त्याचा अडखळणारा श्वास. खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

"गुरू, तो तुझा होता."

"काय?"

"स्वेटर. तुझा होता. तुला थंडी वाजते म्हणून केला होता."

तो हसायला लागला, मग थांबला. त्याने फोनमधल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला त्याचा.

"मुंगी..." तो पुटपुटला. "शमू, आईशप्पथ, मला खरंच... थांब, मी त्या माणसाला फोन करतो. परत मागवतो."

"राहू दे. पुण्यात थंडी असते."

"असं नको ना बोलू!" तो खरंच कळवळला होता. माझे दोन्ही हात त्याने घट्ट धरले. त्या क्षणी तो नुसता धरून बसला असता ना, तर मी सगळं विसरले असते. पण गुरूला गप्प बसता येत नाही. "बरं ऐक, दुसरा कर. डिट्टो तस्साच. तुझ्या हाताला काय गो, आठ दिवसांचं काम!"

मी हळूच हात सोडवून घेतले.

"नाही गुरू."

"बरं, सावकाश कर. पंधरा दिवस घे."

"लग्नाला नाही म्हणत्येय मी."

"एका स्वेटरसाठी?"

"हो. एका स्वेटरसाठी."

"वेडी आहेस काय? मी कोणासाठी करतोय हे सगळं? तुझ्यासाठीच ना?"

"माहित्येय रे मला."

खरंच माहीत होतं. तो गाळा घेईल, पाटी रंगवेल, माझं नाव हायवेवरून दिसेल एवढं मोठं लिहील. आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी त्या पाटीखाली बसून विणत राहीन. तो येणाऱ्याजाणाऱ्याला माझे हात दाखवत राहील, कौतुकाने, प्रेमाने. एक दिवस मी त्याचा तिरस्कार करायला लागेन. तेवढं मला व्हायला नको होतं.

मी उठले, कुर्त्याची वाळू झटकली. तो मागोमाग रस्त्यापर्यंत आला. "सोडतो घरी," म्हणाला. मी रिक्षाला हात केला.

"शमू... राग गेला की फोन करशील ना?"

"राग नाही रे आला," मी म्हटलं. "राग आला असता तर गेला असता."

रिक्षा पुलावर आली तेव्हा जोराचा वारा सुटला होता. मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर उतरले असते. घरी आई नव्हती, शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी झुमके काढले, तोंड धुतलं आणि खिडकीत जाऊन बसले. करायला एकही आंबा नव्हता, कोणी थांबलेलं नव्हतं. सबंध संध्याकाळ माझी एकटीची होती, आणि मला ती नको होती.