अमावास्येचं औषध

"माझ्या बहिणीवर उद्या फिर्याद होणार," भाऊ ओसरीच्या कडेला टेकत म्हणाला.

परशुराम गुप्ते पेन्शनीत निघालेले फौजदार. सरकारदारी न्यायची नसलेली प्रकरणं कल्याणातले लोक त्यांच्या ओसरीवर आणत. त्यांनी भाऊपुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि तपकिरीची डबी उघडली.

"कसली फिर्याद?"

"सावत्र मुलाला विष घातल्याची."

हकिगत अशी होती. भाऊची धाकटी बहीण मंदाकिनी ठाण्याच्या त्र्यंबकरावांना दिलेली. ते बिजवर, कोर्टात कारकून. पहिल्या बायकोचा मुलगा श्रीपाद, सहा वर्षांचा. पोट नगाऱ्याएवढं आणि हातापायांच्या काड्या. पोटात जंत आहेत हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. परवा अमावास्येला दिवेलागणीला मंदाकिनीने त्याला दुधाचा पेला दिला. "दूध पिवळं का गं?" म्हणत त्याने दोन घोट घेतले, आणि रात्री झटके येऊन मूल गेलं.

त्र्यंबकरावांच्या विधवा बहिणीने, गोदाआत्येने, जागच्या जागी निवाडा केला. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला घरात हरताळाची पुडी असायचीच. हरताळ पिवळा, हरताळ जहरी. झालं!

"मंदाकिनी काय म्हणते?" गुप्त्यांनी विचारलं.

"तेच तर, फौजदारसाहेब. काही म्हणतच नाही. नुसती बसून असते."

गुप्त्यांनी डबी मिटली. "चल. ठाण्याची गाडी सापडेल."

भाऊला वाटत होतं, फौजदार गेल्या गेल्या हरताळाची पुडी मागतील. त्यांनी ती मागितलीच नाही. ते गोदाआत्येसमोर पाटावर बसले आणि तिला बोलू दिलं. तिला बोलतं करायला फारसं काही करावं लागलं नाही.

"सावत्रपण कुठे जातंय? आल्यापासून पोराला गोडाची चटक लावली हिने. जंत गोडानेच होतात ना? शेवटी वैद्यबुवांनी पथ्य घातलं. गूळ नाही, साखर नाही, वडी नाही. त्र्यंबकने तर घरात गोड यायचंच बंद केलं. मी मात्र रोज कच्चा मुळा द्यायचे. बाळकुमच्या मळ्यातून यायचा, मातीसकट ताजा. पुसला की दिला. मुळ्याने जंत मरतात."

"पुसून? धुवून नाही?"

"धुतला की त्याचा उग्रपणा जातो."

"बरं. पेल्यात दूध उरलं होतं, त्याचं काय झालं?"

"त्या गडबडीत मांजराने चाटून पुसून घेतलं."

मांजर चुलीपाशी पाय ताणून झोपलं होतं. गुप्त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. भाऊनेही बघितलं. त्याला मांजर दिसलं, दुसरं काही दिसलं नाही.

"जंतांवर औषध कोणतं चालू होतं?"

"अमावास्येची वाट बघत होतो. जंत अमावास्येला वर येतात, औषध तेव्हाच लागू पडतं. एवढं तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं."

त्र्यंबकराव ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे कोरडे. त्यांच्या डोक्यावर खुंटीला कोर्टात जायचा काळा कोट होता आणि त्याच्या खिशाच्या तोंडाशी तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती.

"त्या दिवशी सकाळी मुलगा कसा होता?"

"चांगला होता. मी त्याला तळ्यावर फिरवून आणलं. दोघेच गेलो होतो." त्यांची नजर अंगणाकडे गेली. "अमावास्या उलटली की खेळायला लागेल, असं वाटलं होतं मला."

"का वाटलं?"

त्र्यंबकरावांनी दाराकडे बघितलं. दारात गोदाआत्या उभी होती.

"उगीच. बापाला वाटतं."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"आमच्या घरात ती इंग्रजी पाण्याची औषधं चालत नाहीत," उत्तर आत्येनेच दिलं. 

मंदाकिनी मागच्या पडवीत बसली होती. भावाला बघून तिला रडू फुटेल असं भाऊला वाटलं होतं. ती रडली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"मुली, पिवळं दिसण्याची गोष्ट सांग," गुप्ते हलक्या आवाजात म्हणाले.

"ऊन कलल्यापासून चाललं होतं त्याचं. भिंतीला हळद कुणी फासली, म्हणाला. मी म्हटलं, चुना आहे रे. तर म्हणे, तूही पिवळी दिसतेस. हसत होता. लघवीही हळदीसारखी झाली होती. लंगोट धुतला, डाग निघाला नाही."

"हे दूध देण्याआधी?"

"कितीतरी आधी."

"आणि तू त्याला त्या दिवशी काय दिलंस?"

तिने भाऊकडे बघितलं. "पहाटे, उपाशीपोटी, किरमाणी ओवा दिला. जंतांचा. वैद्यबुवांनी सांगितला तेवढाच, चिमूटभर. कडू लागतो म्हणून गुळाच्या गोळीत घातला. गूळ दिला म्हणून वन्सं रागावल्या असत्या. त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस हं राजा."

भाऊने चमकून तिच्याकडे बघितलं. म्हणजे दिलं होतं. काहीतरी दिलंच होतं हिने.

"दुसऱ्या कुणी त्याला काही दिलं होतं?"

"नाही," ती म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाली.

गुप्ते उठले आणि एकटेच गावातल्या दवाखान्यात जाऊन आले. आल्यावर त्यांनी सगळ्यांना माजघरात बसवलं. 

"दुधात हरताळ नव्हता," गुप्त्यांनी सुरुवात केली. "उरलेलं दूध मांजर प्यायलं आणि ते आत्ता चुलीपाशी घोरतंय. शिवाय मुलाला आधी भिंत पिवळी दिसली, आई पिवळी दिसली, मग दूध. पिवळेपण पेल्यात नव्हतं, त्याच्या डोळ्यांत होतं. लघवीतही उतरलं होतं. असं करणारी वस्तू मी नोकरीत एकदा पाहिली आहे. किरमाणी ओवा बेसुमार पोटात गेला की असंच होतं. आधी जग पिवळं दिसतं, मग झटके येतात."

"तो हिनेच दिला!" गोदाआत्या कडाडली.

"चिमूटभर दिला. तेवढ्याने मूल जात नाही, जंत जातात. पोटात दुसरी मात्राही गेली होती. कुणाच्या हातून?" ते त्र्यंबकरावांकडे वळले, आणि त्यांचा आवाज उतरला. "त्र्यंबकराव, या घरात गोड यायला तुम्हीच बंदी केलीत. मग तुमच्या कोटाच्या खिशाला मुंग्या कशा?"

त्र्यंबकरावांनी मान वर केली.

"पेढा होता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बारीक पूड दिली होती. जंतांचीच. ताईला ते औषध चालत नाही, आणि घरात गोड तर मीच बंद केलेलं. म्हणून तळ्यावर नेऊन पेढ्यात घालून दिली. पण ती पूड साधी होती, फौजदारसाहेब. तिचा काय संबंध?"

"ती त्याच किरमाणी ओव्याचं सत्त्व होती. डॉक्टरांनी मला तसं सांगितलं. पुडी त्यांनी आठवडाभर आधी दिली होती, त्याच दिवशी द्यायला सांगून. तुम्ही अमावास्येसाठी थांबलात. मंदाकिनीही थांबली. कुठलंही एकच औषध असतं तर पोर आज अंगणात खेळत असतं. दोन्ही एकाच सकाळी पोटात गेली, आणि गोडाची चोरी म्हणून दोघांनीही त्याला गप्प राहायला सांगितलं. जंत गोडाने होत नाहीत, असंही डॉक्टर म्हणाले. मळ्यातल्या मातीबरोबर येतात, न धुतलेल्या भाजीतून. यात विष घालणारं कुणी नाही. सगळ्यांनी त्याला बरंच करायला घेतलं होतं."

गोदाआत्येने पदर तोंडावर ओढला. मुळ्याची गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. 

त्र्यंबकराव आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "किती दिवसांनी गोड मिळालं," ते म्हणाले. "माझ्या गळ्यातच पडला तो."

"मला ठाऊक होतं," मंदाकिनी म्हणाली.

भाऊला आधी कळलंच नाही, ही कशाबद्दल बोलतेय.

"दुपारी त्याने मला कानात सांगितलं. बाबांनी तळ्यावर पेढा दिला, कडू होता, तरी खाल्ला, म्हणाला. तेव्हा मी हसले. रात्री झटके आले तेव्हा उमगलं."

"अगं मग बोलली का नाहीस?" भाऊ कळवळला. "फासावर गेली असतीस!"

"मी सावत्र, भाऊ. माझ्याबद्दल लोकांना काहीही खरं वाटलं असतं. आणि माझाही हात होताच की त्यात. यांना राग धरायला कुणीतरी हवं होतं. स्वतःवर धरला असता तर हे जगले नसते."

गुप्त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उपरण्याने पुसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ निर्दोष माणसं सोडवली होती. सुटून जाणाऱ्याकडे बघवत नाही, असं त्यांना आज पहिल्यांदा झालं.

"चल मंदा," भाऊ म्हणाला. "कल्याणला चल. आईकडे चल. इथे आता तुझं काय राहिलंय?"

तिने मान हलवली. ती उठून त्र्यंबकरावांजवळ गेली आणि हातभर अंतर सोडून जमिनीवर बसली. परवापासून दोघं एकमेकांजवळ फिरकलेही नव्हते.

"तळ्यावर काय काय बोलला तो?" तिने विचारलं. "पहाटेचं आणि दुपारनंतरचं सगळं माझ्याजवळ आहे. मधलं तेवढं नाही. तुम्ही दोघेच होतात. मला सांगा."

त्र्यंबकराव तिच्याकडे वळले. मग ते सांगू लागले.