नाक धरून उभा

या, ड्रायरजवळ सरका. आत मका वाळतोय तोवर इथं ऊब आहे, आणि पुढचा ट्रक यायला अवकाश आहे. डस्टिन, तो मोबाइल खिशात घाल बाबा. त्याच्या उजेडात तुझं तोंड भुतासारखं दिसतंय, आणि आज एक भूत पुरे आहे.

गोष्ट लायल ड्रेसेलची. हो, तोच. आपल्याकडे सोयाबीन घेऊन येतो आणि वजनावरून हुज्जत घालतो तो. दारूला न शिवणारा, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून घोरणारा, सरळ माणूस. त्यानं हे आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या बायकोनं, आर्डिसनं सांगितलं. मग त्याला विचारलं, तर तो नाही म्हणाला नाही.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. घड्याळं तासभर मागे करतात ना, त्या रविवारनंतरचा गुरुवार. त्या आठवड्यात कुणाचंच अंग त्या वेळेला सरावलेलं नसतं. दुपारचं जेवण पचतंय तोवर अंधार.

लायलची मुलगी टेसा त्या दिवशी कायमची घरी यायला निघाली होती. नवऱ्याशी फिसकटलं होतं. का फिसकटलं ते आपल्याला काय करायचंय? कडेवर चार महिन्यांची मेबल. लायल तिला आणायला काउंटीच्या मुख्य गावी गेला. फ्रिज आणि कोच त्याच्या पिकअपमध्ये चढले. पलंग, कपाट, पाळणा हे सगळं चार चाकांच्या ट्रेलरवर बांधलं आणि तो ट्रेलर टेसाच्या मोटारीला जोडला. दोर लायलनं स्वतः आवळले.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "मी मागून येतो. काही पडलं तर मला दिसेल."

"म्हणजे तू आमच्या गाडीचा गार्ड का, डॅड?"

"गार्ड म्हण, नाहीतर हमाल म्हण. सावकाश चालव म्हणजे झालं."

"आईनं काय केलंय जेवायला?"

"चिकन-नूडल्स. खाली बटाट्याचा लगदा. तू येणार म्हणून सकाळपासून पीठ मळत बसलीय. मला गेली पाच वर्षं डब्यातलंच सूप मिळतंय."

टेसा हसली. आर्डिस म्हणते, त्या महिन्यात पोरगी पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मागच्या सीटवर मेबल झोपली होती, मागच्या काचेकडे तोंड करून, तान्ह्या पोरांच्या त्या टोपलीसारख्या खुर्चीत. सकाळपासून किरकिरत होती, आता शांत होती. दोघांनाही बरं वाटलं.

निघाले.

आता तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. शुगर ओढ्याच्या पुलापर्यंत तो जुन्या रुळांच्या बांधाला लागून जातो. रूळ ऐंशीच्या दशकात उपटून नेले, बांध राहिला. तुम्ही पोरं तिथं मोटरसायकली उडवता. पण हे एबरसोल गावच रुळांनी जन्माला घातलंय. आधी गाव वर टेकाडावर होतं. रेल्वेनं मात्र खालच्या सपाटीचा रस्ता धरला. मग पणजोबा मंडळींनी काय करावं? घरं उचलली, ओंडक्यांवर ठेवली आणि घोडे जुंपून खाली ओढत आणली. चर्च अर्ध्या वाटेत असताना जमीन गोठली. सबंध हिवाळा चर्च मक्याच्या शेतात उभं, आणि लोक बर्फ तुडवत प्रार्थनेला जायचे. इतका त्यांना रुळांचा सोस.

रूळ आले, मग डुकरांचे कोंडवाडे आले. शिकागोला जाणारी डुकरं इथून चढायची. वास असा की मालगाडीचे लोक एबरसोल आलं की डब्यातून बाहेर वाकून नाक धरायचे. आपले लोक काय कमी? तेही इकडून नाक धरायचे, वर जीभ काढायचे. पुढे पुढे तो रामरामच झाला. नाक धरलं की नाक धरायचं. अजूनही बास्केटबॉलच्या सामन्याला पाहुण्या गावाची पोरं आपल्याला बघून नाक धरतात की नाही? ते तिथलं.

पण रेल्वेत नाक धरण्याचा आणखी एक अर्थ होता. तो खेळातला नव्हता.

रुळांवर काम करणाऱ्या गँगमननं गाडी आली की बाजूला उभं राहून चाकं बघायची, हा नियम. सगळं ठीक असलं तर शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात करायचा. आणि एखाद्या चाकाचा आस तापला असेल, तेल जळल्याचा वास येत असेल, तर नाक धरायचं. म्हणजे, गाडी थांबव, तुझ्या पुढे काहीतरी तापलंय. ही खूण इंजिनवाल्याला नसते. तो कधीच पुढे गेलेला असतो. ती शेवटच्या माणसाला असते.

ओटो फ्रिट्श नावाचा गँगमन होता इथं. आपल्याच गावचा. एका संध्याकाळी मालगाडी आली, मधल्या एका डब्याचा आस लाल झालेला. ओटोनं कंदील उंच धरला आणि नाक धरलं. शेवटच्या डब्यावर गार्ड कोण? त्याचाच मुलगा, रे. एबरसोलमध्ये वाढलेला. बाप दिसला, बापानं नाक धरलेलं दिसलं. पोरगा हसला... आणि त्यानंही नाक धरलं.

या मार्गावर नवखा गार्ड असता तर गाडी थांबवली असती हो. पण हा आपला होता.

ओटो गाडीमागे पळाला. कंदील घेऊन, ओरडत, ओढ्यापर्यंत. आस पुलावर तुटला. रेला डब्यांखालून बाहेर काढायला दोन दिवस लागले.

त्यानंतर ओटो मरेपर्यंत प्रत्येक गाडीला येऊन उभा राहायचा. नाक धरून. आस तापलेला असो, नसो. मालगाडीच्या लोकांनी एबरसोलकडे बघायचंच सोडून दिलं.

तर लायल. साडेपाचची वेळ, काळोख मिट्ट. पुढे टेसाच्या ट्रेलरचे दोन लाल दिवे, त्यांच्यामागे लायल. कापलेल्या मक्याची खुंटं दिव्यात येत होती, जात होती. रेडिओवर मक्याचा भाव सांगत होते.

डाव्या हाताला बांध. बांधावर उजेड दिसला.

एक माणूस कंदील घेऊन उभा. गुडघ्यात वाकलेला, मान खाली. टेसाची मोटार त्याच्यासमोरून गेली तशी त्याची मान तिच्याबरोबर वळली. हळू. चाकांवरून नजर फिरवावी तशी. मग तो सरळ झाला, त्यानं लायलकडे बघितलं आणि नाक धरलं.

लायलला काय वाटलं असेल? तुमच्यापैकीच कुणीतरी थट्टा करतंय, असं वाटलं. त्याच्याकडे डुकरं आहेत, त्याला रोज कुणी ना कुणी नाक धरून दाखवतं. तो हसला. काच खाली केली आणि त्यानंही नाक धरलं. जीभसुद्धा काढली म्हणे.

तो माणूस हसला नाही.

लायल पुढे गेला. सहज आरशात बघितलं... कंदील हलत होता. माणूस बांधावरून उतरला होता. रस्त्यावर होता. पळत होता.

पिकअपचा वेग पन्नास मैल. कंदील मागे पडेना.

लायलनं पाय दाबला. कंदील तेवढाच. तोंड उघडं दिसत होतं. ओरडतोय असं. आवाज नाही. बुटांचा नाही, श्वासाचा नाही. एका हातात कंदील... आणि दुसरा हात अजून नाकाला.

तेव्हा लायलला ओटो आठवला. आपण एबरसोलचे. आपण काय केलं हे त्याला कळलं. शेवटचा माणूस आपण आहोत. खूण आपल्याला आहे. तापलंय ते पुढे आहे.

पुढे टेसा होती. आणि पूल.

त्यानं फोन लावला. वाजला... वाजला... उचलला नाही. हॉर्न दाबून धरला. दिवे मारले. टेसाला वाटलं, बापाला घाई झालीय, तिनं वेग वाढवला. शेवटी त्यानं पिकअप उलट्या बाजूला घातली, पोरीच्या पुढे काढली आणि पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. ब्रेक किंचाळले. ट्रेलरवरचं कपाट करकरलं. थांबलं सगळं.

"वेड लागलं का तुला?" टेसा दार उघडून ओरडली. "मागे मेबल आहे, डॅड! आत्ता धडकले असते मी!"

"आस तापलाय. ट्रेलरचा. उतर तू आधी."

तो गुडघ्यावर बसला. पहिल्या चाकाला हात लावला. गार. दुसऱ्याला लावला. गार. पलीकडे गेला. तिसरं, चौथं... बर्फासारखी गार. मोटारीची चारही बघितली. काही नाही. वास नाही, धूर नाही.

"कुणी सांगितलं तुला, तापलाय म्हणून?"

लायल पुन्हा पहिल्या चाकाशी वाकला.

"डॅड, तुला बरं वाटतंय ना?"

"मला वाटलं... जाऊ दे. चुकलं माझं. बस गाडीत."

ओढ्याचं पाणीसुद्धा वाजत नव्हतं, आर्डिस सांगते. रस्त्यावर मागे काही नव्हतं. कंदील नव्हता. लायलनं श्वास सोडला.

मग टेसा हळूच म्हणाली,

"डॅड... तो माणूस कोण?"

"कुठला?"

"तो. माझ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत का बघतोय?"

लायल वळला. काचेशी कुणी नव्हतं. काच मात्र आतून लाल दिसत होती. शेकोटीच्या उजेडासारखी. तो धावला, मागचं दार ओढलं. उजेड गेला. अंधारात खुर्ची, खुर्चीत मेबल.

झोपली नव्हती. डोळे अर्धे उघडे होते. मान एका बाजूला पडलेली. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला.

तापली होती. हात ठेववेना इतकी.

"टेसा," तो म्हणाला. "पोरीला घे. माझ्या गाडीत बस. काही विचारू नको."

मोटार आणि ट्रेलर तिथंच सोडून ते आल्या वाटेनं उलटे काउंटीच्या दवाखान्यात गेले. बांधाजवळून जाताना दोघांनीही तिकडे बघितलं नाही. मेबल रडत नव्हती, आणि टेसा सारखं म्हणत होती, रड ना ग, एकदा तरी रड. दवाखान्यात डॉक्टरीण चालत आली नाही, पळत आली. मेंदूपर्यंत चढणारा ताप होता तो. रात्रभर दाराबाहेर दोघं बसून होते. आर्डिस नूडल्सचं भांडं चुलीवर तसंच टाकून आली.

पहाटे ताप उतरला. एकदम उतरला, हळूहळू नाही. डॉक्टरीण तीनदा तपासून गेली. मग मेबल रडली, आणि लायल, तो एवढा थोराड माणूस, भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊन रडला.

आता इथंच गोष्ट संपायला हरकत नव्हती. ओटोची हाक एकदा वाया गेली, दुसऱ्यांदा त्यानं ती वाया जाऊ दिली नाही, असं म्हणून घरी गेलो असतो. आर्डिसही तसंच म्हणत होती. चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लावायला निघाली होती.

पण उजाडल्यावर लायल एकटा ट्रेलर आणायला गेला.

रात्री कडक हिंव पडलं होतं. खुंटं पांढरी, कुंपणाच्या तारा पांढऱ्या. मोटार पांढरी. ट्रेलर, कपाट, दोर, सगळं पांढरं. कुणी हात लावल्याची खूण नाही. गाडी रात्रभर जागची हललेली नव्हती.

फक्त एक चाक काळं.

ट्रेलरचं उजवं मागचं. त्यावर हिंव नव्हतं. खालचं गवत वाळून तपकिरी झालेलं, ताटाएवढं गोल. लायल जवळ गेला. पोरांनो, तो शहाणा माणूस आहे, पण हात पुढे गेलाच. आसाला टेकला... आणि कातडं तिथंच राहिलं.

पोरीच्या अंगातून उतरलं ते तापणं कुठं गेलं, हे त्याला तेव्हा कळलं. कुणी ते वाहून नेलं, आणि कशासाठी ठेवलं, ते अजून कळलेलं नाही.

त्यानं सामान उतरवून घेतलं. मोटार सोडवली. ट्रेलर मात्र पिकअपनं ढकलत बांधावर चढवला, जिथं रूळ होते तिथं. तो पुन्हा कुणाच्या गाडीला जोडायची त्याची हिंमत नाही. विकायचीही नाही, फोडायचीही नाही.

अजून तिथंच आहे. उद्यापरवा बर्फ पडेल म्हणतायत. पडला की जाऊन बघा... रस्त्यावरूनच बघा. तीन चाकं गाडली गेलेली असतात. चौथ्यावर बर्फ टिकत नाही.