झोपा आता, भाऊ

सोमवार, १६ जानेवारी १९५६. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. भुसावळच्या पुढचं एक लहान स्टेशन.

पॅसेंजरमधून एकटे गिरधरभाऊ उतरले. मेहरूणला लीलाधरकडे, म्हणजे शाळेतल्या जोडीदाराकडे, दोन दिवस राहून आले होते. भरीत-पुरी झाली, जुन्या मास्तरांच्या नकला झाल्या. "आजची रात थांब ना भो, घरी काय वाघ बांधला आहे?" लीलाधर म्हणाला. पण सकाळी केळीला पाणी द्यायची पाळी होती. निघाले. पोरांनो, पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

साइडिंगला दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या वॅगनी उभ्या होत्या. भरलेल्या, सील लावलेल्या. गिरधरभाऊ रुळालगतच्या पायवाटेनं चालले होते. तिसऱ्या वॅगनीतून ठोका आला.

"कोन आहे रे?"

"भाऊ... दार खोला. घड पडले पायावर."

आवाज भुराचा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा माणूस आठ वर्षं त्यांच्या मळ्यात केळी कापत होता. थंडीत माल भरताना ही माणसं वॅगनीत अंथरलेल्या वाळक्या पानांत घटकाभर आडवी होतात. ऊब असते. दुसऱ्यांनी घड रचले असतील, दार ओढलं असेल, सील ठोकलं असेल. आत कोण राहिलं ते बघतो कोण? घड मोजून घेतात. माणसं मोजायची पद्धत नाही.

गिरधरभाऊ धावत स्टेशनच्या ऑफिसात गेले. बाबू शेगडीवर हात शेकत होता.

"सील फोडायचा मला अधिकार नाही."

"अहो, माणूस आहे आत!"

"उंदीर असेल. नाहीतर मुकादमाला आणा. माझा एक माणूस कमी आहे, असं त्यानं लिहून द्यावं. गाडी एक दहाला सुटते. पळा."

गाव मैलभर. भाऊ पळाले. बैलगाड्यांतून सांडलेली वाळकी पानं रस्ताभर पसरली होती, पायाखाली चुरचुरत होती. पाटाच्या वळणावर कोणीतरी उभं होतं.

"कुठी चालले, भाऊ?"

भुरा!

गिरधरभाऊंचा जीव भांड्यात पडला. "अरे लेका! मले वाटलं, तू वॅगनीत अडकला."

"मी तं इथं आहे."

"मंग आत कोन?"

त्यानं स्टेशनाकडे पाहिलं. मग...

"कोनी नही."

दोघं चालू लागले. भाऊंनी त्याला दोन शिव्या हासडल्या, स्वतःच हसले. तो हसला नाही. वारा पडला होता. हळूहळू भाऊंच्या ध्यानात आलं. पानं एकाच्याच पायाखाली वाजत होती.

त्यांनी मान वळवली नाही. चालत राहिले. घर आलं. ते ओट्यावर चढले. तो अंगणातच थांबला.

"झोपा आता, भाऊ."

भाऊंनी कडी लावली. स्टेशनवर परत जायला हवं होतं. कडीवर हात ठेवला. खिडकीच्या फटीतून पाहिलं. तो उभाच. साडेबारा. उभाच. एक वाजला... उभाच.

एक दहाला लांबून गाडीची शिटी आली.

त्यानं मान हलवली. मग अंगण रिकामं होतं.

सकाळी उजेडात रात्रीच्या भीतीची लाज वाटते. भुराची बायको सोनीबाई दारात आली. "भाऊ, काल वॅगन भराले गेले, ते घरी नही आले."

"अगं, रात्री माझ्यासंगं होता. इथपर्यंत आला."

मुकादम पुना मागंच उभा होता. "भाऊनं सोता पाह्यलं, आखीन काय पाहिजे तुले? पेऊन पडला असंल कुठी."

वॅगनीतल्या हाकेबद्दल भाऊ एक अक्षर बोलले नाहीत.

अंगण आदल्या संध्याकाळीच सारवलं होतं. भाऊंच्या जोड्यांचे ठसे ओट्यापर्यंत गेले होते. मधोमध दोन अनवाणी पावलं, दहाही बोटं उमटलेली, दाराकडे तोंड करून. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. सोनीबाई खाली बसली.

"हे त्यांचे पाय नही. त्यांच्या उजव्या पायाले करंगळी कुठी आहे? कोयत्यानं गेली ना, तुमच्याच मळ्यात!"

"घ्या! आता पावलांवरून नवरा ओळखती ही," पुना म्हणाला.

"भाऊ, ते वॅगनीतच राह्यले असतीन. स्टेशनातून तार करा. गाडी थांबवाले सांगा."

भाऊ केळीला पाणी द्यायला मळ्याकडे निघाले. ती एकटीच स्टेशनवर गेली. तिचं सगळं ऐकून बाबू म्हणाला, "तुमच्या मालकांनी पाहिला ना त्याला?" आणि तिला परत पाठवलं. एका तारेत वाटेतल्या कुठल्याही स्टेशनावर ते दार उघडलं असतं. मालकानं पाहिलं म्हटल्यावर मजुराच्या बायकोनं काय पाहिलं, याला किंमत नव्हती.

शुक्रवारी दुपारी दिल्लीत वॅगन उघडली. सील शाबूत. आत भुरा, कमरेपर्यंत घडांखाली. फळीवर नखांचे ओरखडे.

गावानं समजूत काढली. बिचारा त्या रात्रीच गेला, मालकाचा निरोप घ्यायला आला. भाऊंनीही तेच मानलं, अंगणात नैवेद्य ठेवला. चौकशी झाली. बाबूची बदली झाली. मुकादम पुनाला पुढच्या हंगामाचं काम मिळालं. महिन्यानं दिल्लीहून डॉक्टरांचा कागद आला. गिरधरभाऊंनी तो ओट्यावर बसून वाचला, आणि त्या दिवसापासून सूर्य मावळला की ते अंगणात उतरले नाहीत.

कागदावर मृत्यूची वेळ होती : शुक्रवार, पहाटे.

सोमवारी रात्री वॅगनीतला भुरा जिवंत होता.