तेविसावी जीभ

रामाचं नाव तोंडात असताना मी खोटं बोलत नाही. हे माझ्या बाबतीत घडलं आहे. माझ्या या बोटाच्या बाबतीत.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळी सातची आहे. लख्ख उन्हातली.

साल १९५८, मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. तंजावूरला आमच्या घरामागे एक जुनं छत्रम होतं, वाटसरूंना उतरायला बांधलेलं. तिथे सांगलीहून हनुमंतराव मास्तरांची बालमंडळी उतरली होती. बावीस मुलं. मास्तर कीर्तनाला उभे राहायचे, मुलं मागून पद उचलायची.

कीर्तन म्हणजे माझा जीव. कथा रंगली की मला भूक लागत नाही. म्हणून मुलांचं बघायचं काम मी मागूनच घेतलं. अंघोळी, वेण्या, ओले पंचे... आणि घसे.

घशासाठी आमच्या घरचं चाटण. मध, आल्याचा रस, पिंपळीची पूड. वाटी एक, बोट एक. मुलं भिंतीपर्यंत ओळीनं बसायची, डोळे मिटून, जीभ बाहेर. मीही डोळे मिटून पुढे सरकायची. एका जिभेला एक राम. बावीस राम झाले की वाटी खाली.

स्वयंपाकाच्या शेषम्मा नाक मुरडायच्या.

"काय गे वेंकू, एकच बोट सगळ्यांच्या तोंडात? एच्चिल नव्हे का तें?"

"मुलांचं कसलं उष्टं, अक्का? कीर्तनातली मुलं. देवाचीच तोंडं ती."

"देवाला पडसं झालं म्हणजे कळेल तुला!"

तिसऱ्या दिवशी माझे तेवीस राम झाले.

मी हसले. मधासाठी कुणीतरी लबाड दोनदा बसलं असणार.

त्याच दुपारी शेषम्मांनी मला मागच्या अंगणात ओढत नेलं. जेवून झालेली केळीची पानं तिथे ढिगात टाकत असत.

पानं... पुसल्यासारखी स्वच्छ होती. सांबाराचा डाग नाही, भाताचं शीत नाही. नुसती चिकट लाळ. दोऱ्यासारखी लोंबणारी.

"कुत्रं असेल," मी म्हटलं.

"कुत्र्यानं चाटलं की पान फाटतें गे. एक तरी फाटलेलं दाखव."

मी ढीग उलटून बघितला, एकही फाटलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठं कीर्तन होतं. पहिलं पद कनकलता एकटी म्हणणार होती. नऊ वर्षांची, काडीसारखी, आई नसलेली. ओळीत ती नेहमी शेवटी बसायची, भिंतीला चिकटून.

मास्तर मला म्हणाले होते, "वेंकूबाई, हिचा घसा तुमच्या हाती. या आवाजाखेरीज पोरीजवळ दुसरं काही नाही."

त्या सकाळी मी मुलांना बजावलं, "जागेवरून कुणी हलायचं नाही." मग डोळे मिटले.

एकवीस राम नीट झाले. गरम, इवल्या, खरखरीत जिभा.

बाविसावी...

गार होती.

आणि लांब. ती बोटाभोवती फिरली. दात लागले नाहीत. नुसत्या हिरड्या, मऊ, पिकून सडलेल्या फळासारख्या. बोट मुळापर्यंत आत ओढलं गेलं. कालच्या त्या ढिगाचा आंबूस वास नाकात शिरला.

सवयीनं तोंडातून 'राम' निघालं. सवयीनंच हात वाटीत बुडाला आणि पुढच्या जिभेवर गेला.

तेविसावा राम म्हणून मी डोळे उघडले.

समोर कनकलता होती. बोट तिच्या तोंडात होतं. तिच्या शेजारी वीतभर जागा... रिकामी.

"शी! मावशी, हे शिळं आहे."

तिनं तोवर गिळलं होतं.

मी तिला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या. दहा वेळा, वीस वेळा. पाण्यातून भाताची शितं येत राहिली. आंबलेली. उठल्यापासून ती जेवलीच नव्हती.

दुपारी पंगतीत ती दिसेना. शेषम्मांची किंकाळी मागून आली.

"अय्यो! वेंकू, तुझी पोर बघ!"

कनकलता ढिगाजवळ उकिडवी बसली होती. कुणाचं तरी उष्टं पान दोन्ही हातांत धरून... चाटत होती. मी ते हिसकावलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आधी माझं बोट शोधलं.

मास्तरांना मी काही सांगितलं नाही. लाज वाटली. उष्टं नसतं असं मीच म्हटलं होतं ना.

संध्याकाळी मास्तरांनी चिपळ्या वाजवल्या, मान हलवून खूण केली. कनकलतानं तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

वास आला. पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले.

आणि मग... पद सुरू झालं.

मागच्या अंगणातून. पानांच्या ढिगाकडून. आवाज कनकलताचाच. सूर रेसभर ढळला नाही. लोकांना वाटलं, मास्तरांनी काही युक्ती केली. माना डोलू लागल्या. मी तेवढी पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

तोंड उघडं. जीभ बाहेर. चाटणाची वाट बघावी तशी.

मंडळी दुसऱ्या दिवशी परतली. पोंगलनंतर मास्तरांचं पत्र आलं. मुलगी धड आहे, शाळेत जाते. फक्त सूर लावला की ओकते. मास्तरांनी दोष दिला नव्हता. उलट चाटणाची कृती मागितली होती. मी उत्तर लिहिलं नाही.

शेषम्मा गेल्या. छत्रम पाडलं. कनकलता आता आजी झाली असेल.

पण मार्गळीत सकाळी सात वाजता ते पद मला ऐकू येतं. नऊ वर्षांच्या पोरीचं. आणि कसं सांगू... गोड असतं. माझी मान डोलते. तोंडातून 'राम' निघतं.

तेव्हा बोटाला ओलं लागतं. गार.

चिंचेनं, राखेनं, उकळत्या पाण्यानं धुतलं. कातडी गेली, वास गेला नाही.

आता नाव घेताना मी मूठ आवळून धरते. पण काल बघितलं, तर मुठीच्या फटीतून लाळ गळत होती.